रुपयाला किती शेर

भाव सांगण्याच्या रीती दोन: ठरावीक मालाला किती पैसे, किंवा ठरावीक पैशांत किती माल. आज बहुतेक ठिकाणी पहिलीच चालते. एकोणिसाव्या शतकात मात्र महाराष्ट्रात धान्याची धारण बहुधा दुसऱ्या रीतीने सांगत: रुपयाला इतके शेर, इतक्या पायल्या. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांतही ज्वारी-बाजरीचे भाव रुपयाला किती पौंड असे नोंदलेले सापडतात. या रीतीत आकडा वाढला की स्वस्ताई, उतरला की महागाई. रुपयाला 20 शेर मिळणारी ज्वारी 15 शेरांवर आली, तर पदरात पडणारा माल पाव हिश्श्याने घटतो. शेराचा भाव मात्र तिसऱ्या हिश्श्याने चढतो. गिऱ्हाईक फसते ते इथेच.

या हिशेबाचे शास्त्र जुने आहे. आर्यभटाने 499 च्या सुमारास ‘आर्यभटीया’त त्रैराशिकाची रीत दिली: फळाला इच्छेने गुणावे आणि प्रमाणाने भागावे. भास्कराचार्यांच्या 1150 मधील ‘लीलावती’त याचे बाजारी उदाहरण आहे. अडीच पळे (पळ हे वजन) केशराला तीन सप्तमांश निष्क (निष्क हे नाणे) पडतात, तर 9 निष्कांत किती? इथे प्रमाण तीन सप्तमांश, फळ अडीच, इच्छा 9; उत्तर साडेबावन्न पळे. एका पळाचा भाव काढण्याची पायरी इथे लागतच नाही. एक राशी वाढली की दुसरी घटते, अशा व्यस्त त्रैराशिकाचा विचार त्याच ग्रंथात वेगळा केला आहे.

चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. 1207 च्या सुमाराच्या तिथल्या शिलालेखाचा शेवटचा भाग मराठीत असून त्यात बाजारातल्या मालावरील काही उत्पन्न मठाला लावून दिले आहे. माल मठाच्याच मापाने मोजावा, असेही त्यात बजावले आहे. ही अट किरकोळ नव्हे. माप एक नसेल तर त्रैराशिक निरुपयोगी.

दुकानात पाटी-लेखणी काढायला सवड नसे, तिथे आडाखे कामी येत. मणाचे शेर 40, रुपयाचे आणे 16. म्हणून मण जितक्या रुपयांना, तितक्याच आण्यांना अडीच शेर. एका दुकानी गूळ मणाला 7 रुपये आणि दुसऱ्या दुकानी शेराला 3 आणे असला, तर दुसरीकडे अडीच शेरांना साडेसात आणे, म्हणजे मणाला साडेसात रुपये पडतात. अडीचकीचा पाढा पाठ असलेल्याला हे उभ्या उभ्या जमे. आण्याच्या पै 12 असल्यामुळे डझनाला जितके आणे, तितक्या पैंना एक नग, हाही तसाच सोपा हिशेब.

खरी अडचण मापांची होती. पायलीचे शेर चार, हे बहुतेक ठिकाणी ठरलेले. पण धान्याच्या मापी मणाच्या पायल्या कुठे 12, कुठे 16. वजनी मणही मुंबईचा 28 पौंडांचा, तर बंगालचा 82 पौंडांहून थोडा अधिक. दोन गावांचे भाव नुसते शेजारी ठेवून काही कळत नसे. आधी मापे जुळवावी लागत.

1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली आणि 1958 पासून किलो टप्प्याटप्प्याने लागू होऊन 1962 मध्ये सक्तीचा झाला. या संक्रमणात एक गंमत झाली. आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात, पण पाव पैशाचे नाणे नव्हते. म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्याला 6, दोन आण्यांना 12 आणि तीन आण्यांना 19 नवे पैसे ठरले. आण्याच्या तीन वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर 18, एकदम घेतल्या तर 19! घाऊक घेणाऱ्याला महाग पडावे, हा प्रकार विरळाच.

आता हिशेब पाकिटावरच छापून येतो. बंद पाकिटांच्या नियमांत 2021 मध्ये दुरुस्ती झाली. काही मालाला ठरावीक वजनांच्याच पाकिटांचे बंधन होते ते उठले आणि एकक-किंमत छापणे आवश्यक झाले. किलोहून कमी मालाला ती ग्रॅममागे, अधिक असल्यास किलोमागे. त्यामुळे 108 रुपयांच्या 900 ग्रॅम पाकिटावर 0.12 रुपये आणि 174 रुपयांच्या दीड किलोच्या पाकिटावर 116 रुपये असे आकडे दिसतात. पहिल्याला हजाराने गुणले की 120 येतात, म्हणजे मोठे पाकीट किलोमागे 4 रुपयांनी स्वस्त.