शेवटच्या थेंबाचा हिशेब

मोटारीच्या प्रवासात एक प्रश्न कधी ना कधी निघतोच. समोरच्या पट्टीवर पेट्रोलपंपाच्या चित्राचा तांबूस दिवा लागतो आणि मागच्या बैठकीवरून कुणीतरी विचारते, "आता किती चालेल?" चालवणारा म्हणतो, "पुष्कळ चालेल अजून." शेजारी बसलेली बाई म्हणते, "ते असू दे, आधी भरून घ्या." टाकीत किती आहे हे दोघांनाही दिसत नसते; पण दोघेही अगदी खात्रीने बोलत असतात. मला या प्रश्नाचे कुतूहल वाटते ते एवढ्यासाठी, की त्याला चांगला शंभर वर्षांहून जुना इतिहास आहे, आणि त्याचे एक उत्तर माणसाने थेट चंद्रावर जाऊन मिळवले आहे.

आरंभीच्या मोटारींना असला दिवा नव्हताच. १९०८ पासून १९२७ पर्यंत अमेरिकेत फोर्डची 'मॉडेल टी' लाखांनी खपली. तिची टाकी पुढच्या बैठकीखाली असे. पेट्रोल किती आहे हे पाहायचे म्हणजे सर्वांनी खाली उतरायचे, गादी उचलायची, टाकीचे झाकण फिरवायचे आणि आत एक लाकडी काठी बुडवायची. विहिरीला पाणी किती हे आपल्याकडे दोरीची ओली लांबी पाहून सांगत, तसाच हा प्रकार. या मोटारीत पेट्रोल स्वतःच्याच वजनाने इंजिनाकडे उतरत असे. त्यामुळे टाकी तळाला गेली आणि समोर खडा चढ आला, की पेट्रोल असूनही इंजिनापर्यंत पोहोचत नसे. मग चालवणारे मोटार वळवीत आणि पाठमोरी चढावर नेत! पेट्रोल 'असणे' आणि पेट्रोल 'मिळणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्या पिढीला असा उलटे चढून शिकावा लागला.

काठीनंतर आली चावी. जर्मनीच्या 'बीटल' मोटारीत १९६१ पर्यंत सामान्यतः पेट्रोलचा काटा नसे. पायाशी एक खटका असे. इंजिन आचके देऊ लागले की तो खटका पायाने फिरवायचा, की तळाचे सुमारे ५ लिटर मोकळे होत. आपल्याकडे हीच युक्ती घरोघर पोहोचली ती स्कूटरमुळे. चालू, बंद आणि रिझर्व्ह अशा तीन खुणांची ती चावी ज्यांनी वापरली त्यांना तिचे मर्म सांगायला नको. पुष्कळांचा समज असा असे, की रिझर्व्हची टाकी वेगळी असते. तसे काही नसते. टाकी एकच, तिच्यात एका नळीचे तोंड थोडे वर आणि दुसरीचे अगदी तळाशी, एवढाच फरक. वरची नळी कोरडी पडली की गाडी आपणहून थांबे आणि तळची नळी उघडायला माणसाचा हात लागे. तळचेही संपले, तर स्कूटर एका अंगावर कलती करून कानाकोपऱ्यातले थेंब नळीकडे आणायचे आणि पुन्हा किक मारायची, हा विधी महाराष्ट्रातल्या कितीतरी रस्त्यांनी पाहिला आहे.

ही चावी मला मोठी शहाणी वाटते. ती फिरवल्याशिवाय पुढे जाताच येत नसे. म्हणजे आपण राखीव साठ्यात हात घातला आहे हे माणसाला कळल्याशिवाय राहत नसे. आमच्या जुन्या घरांतल्या बायका रोजच्या तांदळातून एक मूठ बाजूच्या डब्यात टाकीत. तो डबा उघडायची वेळ आली की अडचण आली आहे हे त्यांना वेगळे सांगावे लागत नसे.

दिव्याने ही सक्ती काढून टाकली. पुष्कळ मोटारींत या दिव्यामागची करामत मोठी गमतीची असे. टाकीत ठरावीक उंचीवर एक लहानसा मणी बसवलेला असे. गरम झाला की त्याच्यातून वीज सहज वाहते, थंड असला की अडते. पेट्रोलात बुडालेला असेपर्यंत तो थंड राहतो. पातळी उतरून तो उघडा पडला की तापतो, वीज वाहू लागते आणि दिवा लागतो. इतर मोटारींत हेच काम तरंगता फुगा करतो. मण्याची काय आणि फुग्याची काय, अक्कल तेवढीच: 'पेट्रोल या खुणेच्या खाली गेले.' पुढे किती मैल जाता येईल याचा त्याला पत्ता नसतो.

तो हिशेब आपण करायचा. लहान मोटारीत दिवा लागताना टाकीत ५ लिटर आहेत असे धरू, आणि मोटार लिटरला १५ किलोमीटर जाते असे धरू. उत्तर आले ७५ किलोमीटर. आता यातून वजाबाकी सुरू करा. खंडाळ्याचा किंवा खंबाटकीचा चढ, भरलेली गाडी, शहरातली खोळंबलेली वाहतूक, थंड हवेचे यंत्र, कमी हवेची चाके: प्रत्येकाने आपला वाटा उचलला की पंचाहत्तराचे पन्नास होतात, कधी त्याहूनही कमी. शिवाय अलीकडच्या बहुतेक मोटारींत पेट्रोल ओढणारा पंप टाकीतच असतो आणि त्याच पेट्रोलाने थंड राहतो. टाकी वारंवार तळाला नेली तर त्याचे आयुष्य घटते. तेव्हा दिव्यानंतरचे अंतर हा पक्का आकडा नव्हे. तो अंदाज आहे, आणि अंदाज करणारा जितका सावध तितकाच तो खरा.

याची सर्वांत कठीण परीक्षा झाली ती २० जुलै १९६९ रोजी. आपल्या घड्याळात तेव्हा २१ तारखेची रात्र उजाडली होती, पावणेदोनचा सुमार. नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन यांचे 'ईगल' यान चंद्रावर उतरत होते. उतरण्यासाठी भरलेले इंधन आठ हजार किलोहून अधिक. ते सुमारे साडेबारा मिनिटांत जवळजवळ संपायचे होते. यंत्र ज्या जागेकडे नेत होते तिथे एक मोठे विवर आणि मोटारीएवढाले धोंडे दिसले. आर्मस्ट्राँगने सूत्रे हाती घेतली आणि यान पुढे नेले. जागा शोधण्यात सेकंद जाऊ लागले. जमीन शंभरएक फुटांवर असताना ऑल्ड्रिनने आकडे वाचता वाचता सांगितले, की इंधनाचा दिवा लागला आहे.

दिवा लागला याचा अर्थ इंधन ५.६ टक्के उरले. त्या क्षणापासून ह्यूस्टनच्या नियंत्रणकक्षात बॉब कार्लटन हा तंत्रज्ञ हातातल्या घड्याळावर सेकंद मोजू लागला. ९४ सेकंद झाले की इशारा द्यायचा. त्यानंतरच्या २० सेकंदांत एकतर टेकायचे, नाहीतर उतरणे सोडून वर निघायचे, असा नियम ठरलेला होता. परतीच्या इंजिनाचे इंधन निराळे होते. पण जमिनीच्या फार जवळ असताना एक इंजिन सोडून दुसरे पेटवायला सवड मिळेलच असे नव्हते. चार्ली ड्यूकने पृथ्वीवरून कळवले, "साठ सेकंद." मग, "तीस सेकंद." त्यावेळी कक्षात आणखी कुणी बोलत नव्हते. तीसचा पुकारा होऊन दहाएक सेकंद झाले, आणि यानाच्या पायाची सळई चंद्राला लागली. दिवा लागल्यापासून सव्वा मिनिटाच्या आत शंभर फूट, असे ते अंतर होते.

पुढे नोंदी तपासल्या तेव्हा निराळीच गोष्ट उघड झाली. यानात सुमारे ४५ सेकंदांचे इंधन शिल्लक होते. दिवा थोडा लवकर लागला होता. यान इकडेतिकडे झुकवताना टाकीतले इंधन हिंदकळले आणि पातळी दाखवणारे टोक वेळेआधीच उघडे पडले. घाटाच्या वळणावर आपल्या मोटारीचा दिवा लागतो आणि सपाटीवर विझतो, तोच हा प्रकार. नंतरच्या मोहिमांच्या टाक्यांत लाटा मोडणारे पडदे बसवण्यात आले.

दिवा चुकला खरा, पण चुकला तो जीव वाचवण्याच्या बाजूने. उलट बाजूची चूक कशी असते हे २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात दिसले. एअर कॅनडाचे मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालेले १४३ क्रमांकाचे विमान अगदी नवे होते. पण त्याचे इंधनाचे काटे बिघडले होते. म्हणून मोजणी जुन्या पद्धतीने, टाकीतल्या पट्टीने झाली. पट्टी बरोबर होती. टाक्यांत ७,६८२ लिटर होते. चुकला तो गुणाकार. कॅनडा तेव्हा पौंडांवरून किलोवर येत होता. एका लिटर इंधनाचे वजन १.७७ पौंड, म्हणजे सुमारे ०.८ किलो. हिशेब किलोत हवा असताना गुणले १.७७ ने. हवे होते २२,३०० किलो. भरले गेले तेवढे पौंड, म्हणजे निम्म्याहूनही कमी. आपल्याकडे १९५७ साली नवे पैसे आणि त्यापाठोपाठ किलो-लिटर आले, तेव्हा शेर-पायलीत वाढलेल्या माणसांची बाजारात किती तारांबळ उडाली हे ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे, त्यांना या चुकीचे नवल वाटणार नाही.

४१,००० फुटांवर इंधनाचा दाब कमी झाल्याचा इशारा वाजला, आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिने थांबली. विमानात ६९ माणसे होती. कप्तान रॉबर्ट पिअर्सन हौसेने बिनइंजिनाची विमाने उडवणारा होता. त्याचा सहकारी मॉरिस क्विंटल याने हिशेब केला: विमान दहा सागरी मैल जाताना पाच हजार फूट खाली येत होते. विनिपेग गाठणार नाही, हे या आकड्यावरून कळले. जवळच गिमली येथे हवाई दलाचा सोडून दिलेला तळ होता. क्विंटल पूर्वी तिथे नोकरीस होता. त्या धावपट्टीवर त्या दिवशी मोटारींच्या शर्यती चालल्या होत्या आणि कुटुंबे मुलाबाळांसह आली होती. इंजिने नसलेले ते विमान आवाज न करता तिथे उतरले. पुढचे चाक दुमडले आणि नाक घासत गेले, पण विमानातली सर्व माणसे वाचली आणि खालचेही कुणी दगावले नाही. चुकीच्या हिशेबाने जे संकट आणले, त्यातून बरोबर हिशेबानेच सोडवले.

या सगळ्या गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे मला असे वाटते, की त्या तांबूस दिव्यामागचे ५ लिटर हा आपला साठा नव्हेच. दूर कुठल्यातरी कारखान्यात, आपल्याला कधी न भेटलेल्या एका माणसाने नकाशावर खूण करून ते आपल्यासाठी बाजूला काढलेले असतात. हा माणूस कधीतरी बोलण्याच्या नादात असेल, पाऊस असेल, पुढचा पंप बंद निघेल, हे त्याने आधीच धरलेले असते. मुठीमुठीने तांदूळ बाजूला टाकणाऱ्या बाईचे आणि त्याचे गोत्र एकच. असा डबा किती दिवस पुरतो हे पाहण्यासाठी कुणी तो उघडत नाही. आणि उघडावा लागलाच, तर दुसऱ्या दिवसापासून पुन्हा एकेक मूठ टाकायला लागतो.