जबानीची खोली

फौजदारी खटल्यांचे दप्तर ज्याने थोडेफार चाळले आहे, त्याला 'निवेदन पंचनामा' नावाचा कागद सुपरिचित असतो. दोन पंच, तपासी अंमलदार आणि त्यांच्यासमोर बसलेला आरोपी. आणि त्या आरोपीच्या तोंडी, खटला कोणताही असो, बहुधा तेच वाक्य, की गुन्ह्यात वापरलेले हत्यार मी लपवून ठेवले आहे, माझ्यासोबत चला, मी ते काढून देतो. ज्या देशातील कायदा पोलिसापुढे दिलेल्या कबुलीजबाबाकडे दीडशेहून अधिक वर्षे संशयाने पाहत आला, त्याच देशातील न्यायालयांत हे एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या बिनदिक्कत दाखल होत राहिले, यामागे मोठा इतिहास आहे. आणि ठाण्यातील ज्या खोलीत ते वाक्य उच्चारले जाते, त्या खोलीच्या आत नेमके काय घडते, हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सविस्तर विचारीपर्यंत 1978 साल उजाडले, ही गोष्ट मला त्या इतिहासातील सर्वांत विचार करण्याजोगी वाटते.

या संशयाचा उगम कंपनी सरकारच्या अखेरच्या दिवसांत आहे. मद्रास इलाख्यात सारावसुलीसाठी रयतेचा छळ होतो, अशी ओरड विलायतेत पार्लमेंटापर्यंत पोहोचली, तेव्हा 1854 साली चौकशीसाठी एक आयोग नेमण्यात आला, आणि पुढच्याच वर्षी सादर झालेल्या त्याच्या अहवालात बोटे चेपण्याचा 'किट्टी' नावाचा लाकडी चाप, मान वाकवून पायांशी बांधून ठेवण्याचा 'अनुंदाल' नावाचा प्रकार, डोळ्यांत घातली जाणारी मिरची, अशा यातनांची जंत्रीच प्रसिद्ध झाली. सारा वसूल करणारी कचेरी आणि गुन्ह्याचा छडा लावणारी कचेरी त्या काळी एकच, नोकरवर्गही एकच. तेव्हा थकबाकीदाराच्या कनवटीचा पैसा काढण्यासाठी जी साधने हाताशी असत, तीच संशयिताच्या तोंडचा गुन्हा वदवून घेण्यासाठीही वापरली जात, यात नवल नव्हते. आपला मुंबई इलाखाही यापासून अलिप्त नव्हता. त्याच दशकात नाशिककडे खुनाच्या संशयावरून धरलेला गणू नावाचा इसम पोलिसांच्या छळाने मरण पावला, आणि ते प्रकरण सरकारदरबारी बरेच गाजले.

म्हणून 1861 सालच्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात असा निर्बंध घालण्यात आला, की पोलीस अंमलदारापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. आणि कोठडीत असताना इतर कोणापुढे दिलेला कबुलीजबाबही, मॅजिस्ट्रेट जातीने समोर हजर असल्याखेरीज, ग्राह्य धरला जाणार नाही. सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी 1872 सालचा पुराव्याचा कायदा सिद्ध केला तेव्हा हाच निर्बंध त्याच्या 25 व 26 या कलमांत आला. भर उन्हात पुरावे धुंडाळत वणवण करण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या दुबळ्याला तिखटाचा प्रयोग दाखविणे तपास करणाराला अधिक सोयीचे वाटते, हे हिंदुस्थानातील अधिकाऱ्याचे निरीक्षण पुढे स्टीफन यांनी आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. त्यावरून हा निर्बंध घालणारांना छळाचे कारण बरोबर उमगले होते, असे म्हणावयास हरकत नाही. छळाच्या मुळाशी क्रौर्य असते त्याहून अधिक आळस असतो, आणि आळसाला उपाय एकच, तो म्हणजे त्याच्या फळाची किंमत शून्यावर आणणे.

परंतु दार असे बंद करणाऱ्या हातांनीच शेजारी एक खिडकी उघडी ठेवली होती. कलम 27 अन्वये, आरोपीने कोठडीत दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तुस्थिती उघडकीस आली, तर त्या शोधाशी संबंधित तेवढा भाग पुराव्यात घेता येई. दडवलेला मुद्देमाल सापडला म्हणजे सांगणारा खरेच बोलला, असा त्यामागील तर्क. तर्क निर्दोष आहे, पण सांगणारा कसा बोलता झाला, याची विचारपूस त्यात कोठेच नाही. सरकारी पक्ष ही खिडकी इतकी रुंदावू पाहत होता, की हत्यार काढून देतो या शब्दांपाठोपाठ, याच हत्याराने मी अमक्याला मारले, हे शब्दही आत शिरावेत. पुलुकुरी कोटय्या यांच्या अपिलात प्रिव्ही कौन्सिलने 1946 च्या अखेरीस त्याला आळा घातला: वस्तू कोठे आहे याचे आरोपीला असलेले ज्ञान, एवढेच ग्राह्य, तिचा पूर्वेतिहास नव्हे. तो निर्णय सर जॉन ब्यूमाँट यांनी दिला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म्हणून तेरा वर्षे काम केलेल्या या गृहस्थांस आपल्याकडील ठाण्यांचा परिचय कागदोपत्री तरी भरपूर झालेला असणार.

स्वराज्य आले, आणि कोणाही आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्षी होण्याची सक्ती करता येणार नाही, हे वचन संविधानाच्या 20(3) अनुच्छेदात लिहिले गेले. मात्र सक्ती कशाला म्हणावयाचे? मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या खटल्यात 1961 साली अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने असे ठरविले, की आरोपी पोलिसांच्या ताब्यात होता एवढ्यावरून त्याच्यावर सक्ती झाली असे अनुमान काढता येत नाही. पुढे पाचच वर्षांनी, 13 जून 1966 रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मिरांडा खटल्यात पाच विरुद्ध चार अशा मतांनी नेमका उलट विचार मांडला. बाहेरच्या जगापासून तोडलेल्या खोलीतील चौकशीत दडपण उपजतच असते. म्हणून मौनाचा आणि वकिलाचा हक्क संशयिताला आधी सांगितलाच पाहिजे, अन्यथा त्याचे निवेदन सरकार पक्षाला वापरता येणार नाही, असा तो निर्णय होता.

हा विचार आपल्याकडे आला तो एका माजी मुख्यमंत्र्यांच्या प्रकरणातून. ओडिया लेखिका आणि ओरिसाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना 1977 च्या सप्टेंबरात बेहिशेबी मालमत्तेच्या तपासासाठी कटकच्या दक्षता पोलीस ठाण्यात पाचारण करण्यात आले, आणि त्यांच्यापुढे प्रश्नांची लांबलचक लेखी मालिका ठेवण्यात आली. त्यांनी उत्तरे देण्याचे नाकारले. त्याबद्दल दंड संहितेच्या 179 व्या कलमाखाली त्यांच्यावर फिर्याद झाली, आणि वाद दिल्लीला गेला. 7 एप्रिल 1978 रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निर्णयात मिरांडाचा आधार जागोजाग घेतलेला आहे. मौनाचे संरक्षण न्यायालयाच्या कठड्यात उभे राहिल्यावर सुरू होत नाही, ते ठाण्यातील पहिल्या प्रश्नापासूनच लागू होते. सक्ती म्हणजे केवळ मारहाण नव्हे, तर धाकाचे वातावरण, थकवून टाकणारी प्रश्नांची सरबत्ती आणि मनावरील दडपण हीही सक्तीच होय. आरोपीने इच्छा दर्शविल्यास चौकशीच्या वेळी वकिलाला जवळ बसू द्यावे. आणि स्त्रीला ठाण्यात बोलावणे हा प्रक्रिया संहितेच्या 160 व्या कलमाचा उघड भंग होय, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मिरांडाचा निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती वॉरन आणि कृष्ण अय्यर यांच्यातील एक साम्य येथे नोंदविण्याजोगे वाटते. वॉरन हे पूर्वी अनेक वर्षे सरकारी अभियोक्ता होते, आणि कृष्ण अय्यर यांनी 1957 च्या केरळ मंत्रिमंडळात गृहखाते सांभाळले होते. त्या खोलीविषयी दोघांनी जे लिहिले, ते पोलीस खात्याच्या कारभाराशी निकट संबंध आलेल्या माणसांचे लिखाण होते.

निर्णय उदार होता. ठाण्यांतील रीत मात्र त्याने लगेच बदलली नाही. 1986 साली पश्चिम बंगालमधील विधिसहाय्याचे काम पाहणारे डी. के. बसू यांनी कोठडीतील मृत्यूंच्या बातम्या जोडून सरन्यायाधीशांना पत्र लिहिले, त्या पत्रालाच याचिका मानण्यात आले, आणि दहा वर्षांनी, 18 डिसेंबर 1996 रोजी, तिचा निकाल लागला. या वेळी न्यायालयाने तत्त्वापेक्षा कागदावर भर दिला. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची स्पष्ट पट्टी, साक्षीदाराच्या सहीचा अटकेचा कागद, आप्ताला वर्दी, अंगावरील जखमांची नोंद, दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी, नियंत्रण कक्षातील फलकावर अटकेची माहिती: अशा अकरा आज्ञा. माझ्या मते ठाण्याचा कारभार खरा हलला तो या आज्ञांनी, कारण फौजदाराला तत्त्वाची आठवण राहो न राहो, न भरलेला रकाना दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटच्या नजरेस पडतो.

तथापि याच काळात उलटा प्रवाहही वाहत होता, आणि त्याची झळ आपल्या राज्यास चांगलीच लागली. आधी 1987 च्या टाडा या दहशतवादविरोधी कायद्याने, आणि टाडा गेल्यावर 1999 च्या महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याने, अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब पुराव्यात ग्राह्य ठरविला. 1861 साली जो अविश्वास सर्व पोलिसांविषयी होता, तो हुद्द्याच्या एका पायरीपाशी येऊन थांबला. अधिकारी वरिष्ठ झाला म्हणून खोलीतील भय कसे नाहीसे होते, हे मला आजवर उमगलेले नाही.

जुने कायदे आता नावानेही राहिले नाहीत. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम अमलात आला, आणि 25, 26 व 27 ही तिन्ही कलमे त्याच्या एकट्या 23 व्या कलमात एकत्र नांदत आहेत. खिडकी आता दाराच्याच चौकटीत बसविलेली आहे. चौकशीच्या वेळी वकिलाला भेटण्याचा हक्क नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 38 व्या कलमात आहे, आणि बसू प्रकरणातून आलेली मर्यादाही त्याच्यासोबत आहे, की हा हक्क चौकशीच्या संपूर्ण काळापुरता नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली एका प्रकरणात दिलेल्या आदेशाप्रमाणे वकिलाला अशा अंतरावर बसविण्यात येते, की त्याला आपला अशील दिसावा, परंतु अशिलाला काय विचारले जात आहे आणि तो काय उत्तर देत आहे, हे ऐकू येऊ नये.