सहा वर्षांच्या मुलाच्या वतीने

२५ नोव्हेंबर १९९९ला फ्लोरिडाजवळच्या समुद्रात टायरच्या ट्यूबवर तरंगणारा पाच वर्षांचा एलियान गोन्झालेस दोन जणांना सापडला. क्युबातून निघालेली बोट बुडून त्याची आई आणि आणखी दहा जण दगावले होते. इमिग्रेशन खात्याने त्याला मायामीत वडिलांचे काका लाझारो यांच्याकडे ठेवलं; क्युबातल्या कार्देनास गावाहून वडील हुआन मिगेल यांनी त्याला परत मागितलं. पुढचे सात महिने हा वाद स्वातंत्र्य विरुद्ध साम्यवाद असा रंगवला गेला. मुळातला प्रश्न मात्र एवढाच होता, की अल्पवयीन मुलाच्या वतीने बोलायचं कोणी? आणि मायामीच्या क्युबन समाजाने त्याचं उत्तर चाळीस वर्षांपूर्वीच देऊन ठेवलं होतं.

१९६० ते १९६२ या काळात ‘पेड्रो पान’ मोहिमेतून चौदा हजारांवर क्युबन मुलं आईबापांविना अमेरिकेत आली. कास्त्रो सरकार पालकांचे हक्क काढून घेणार, अशी अफवा तेव्हा पसरली होती. तसा कायदा कधीच झाला नाही, पण धास्तावलेल्या पालकांनी पोटची पोरं विमानात बसवली. काहींची ताटातूट वर्षानुवर्षं टिकली. या मोहिमेचा सारा नैतिक आधार एकच होता: मुलाचं भलं आईबाप ठरवतील, सरकार नव्हे. २०००मध्ये त्याच समाजातले अनेक जण मुलाचं भलं कशात आहे हे बापावाचून ठरवायला निघाले, तेव्हा त्यांनी स्वतःच्याच पायाखालची जमीन काढून घेतली.

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे. हुकूमशाहीत राहणारा बाप मोकळेपणाने बोलतो हे मानायचं कसं? म्हणूनच अमेरिकी अधिकारी त्याला क्युबात भेटले आणि ५ जानेवारी २०००ला खात्याने बापाचा अधिकार मान्य केला. एप्रिलमध्ये तो अमेरिकेत आला, तिथेही त्याची मागणी बदलली नाही. दुसरा आक्षेप वॉल्टर पोलोव्हचाकचा. १९८०मध्ये शिकागोतल्या या युक्रेनी मुलाने आईबापांबरोबर सोव्हिएत संघात परतायला नकार दिला आणि अमेरिकेने त्याला आश्रय दिला. पण तो बारा वर्षांचा होता आणि नकार त्याचा स्वतःचा होता. एलियानचं नाव आश्रयाच्या अर्जावर होतं खरं, तरी सहा वर्षांच्या मुलाला त्या अर्जाचा अर्थ कळला असेल हे पटणं कठीण. अपील न्यायालयाने १ जूनला खात्याचा निर्णय उचलून धरला, तोही हात राखून: निर्णय बरोबरच आहे असं नव्हे, तो अवाजवी नाही इतकंच. मला ही सावध भाषा दोन्ही बाजूंच्या घोषणांपेक्षा प्रामाणिक वाटते.

२२ एप्रिलच्या पहाटे सशस्त्र धाड घालून मुलाला उचलण्याची पद्धत मात्र समर्थनीय नव्हती, असं म्हणता येईल; अर्थात नातेवाइकांनी ताबा द्यायला नकार दिल्यावरच ती वेळ आली. हवानाही धुतल्या तांदळासारखं नव्हतं. तिथे मुलासाठी मोर्चे निघाले, आणि २८ जूनला परतल्यावर कास्त्रो त्याच्या वाढदिवसांना हजर राहू लागले. २०२३मध्ये एलियान क्युबाच्या संसदेत गेला. बघा, आम्ही म्हणत होतो तेच झालं, असं यावर मायामीत कोणी म्हणेल. पण ताबा ठरवताना मूल पुढे कोणत्या पक्षाचं होईल हे न्यायालयाने पाहायचं असेल, तर पेड्रो पानमधून मुलं पाठवणाऱ्या पालकांचा हक्कही कास्त्रोला त्याच न्यायाने नाकारता आला असता.