ब्राउझरचे अबोल काम आणि स्क्रिप्टची अडचण
टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या प्रयोगशाळेत घडवलेल्या एचटीटीपी या नियमावलीच्या १९९१ मधील पहिल्या रूपात ‘गेट’ ही एकच आज्ञा होती. तिने सर्व्हरकडून पान मागवता येत असे, त्याला माहिती पाठवता येत नसे. पुढे ‘पोस्ट’ ही आज्ञा आली, आणि १९९३ मध्ये मोझॅक ब्राउझर घडवणाऱ्या एनसीएसए या अमेरिकी संस्थेनेच फॉर्ममधील मजकूर सर्व्हरवरील प्रोग्रॅमच्या हाती देणारी सीजीआय ही पद्धत आखली. या रचनेत फॉर्म भरायला माणूस आणि पाठवायला ब्राउझर असणार, हे गृहीत होते. स्क्रिप्टने पाठवलेला फॉर्म नाकारला जातो तेव्हा बहुतेक वेळा ब्राउझर गुपचूप करत असलेले एखादे काम राहून गेलेले असते.

नोव्हेंबर १९९५ मध्ये एचटीएमएल २.० ने फॉर्मचे सांकेतिक रूप नोंदवले: नाव आणि मूल्य यांच्यामध्ये बरोबरचे चिन्ह, रिकाम्या जागेऐवजी अधिक चिन्ह, आणि इतर विशेष चिन्हांऐवजी टक्केचिन्हासह त्यांच्या बाइटचे अंक. त्यामुळे स्क्रिप्टने +९१ ने सुरू होणारा फोन क्रमांक जसाच्या तसा पाठवला, तर सर्व्हरला अधिक चिन्हाच्या जागी मोकळी जागा दिसते. त्याच महिन्यात झेरॉक्समधील संशोधकांनी मांडलेल्या फाइल पाठवण्याच्या पद्धतीत मजकुराचे भाग एका सीमाखुणेने वेगळे केले जातात. ती खूण हेडरमध्ये, म्हणजे मजकुराआधी जाणाऱ्या माहितीत, जाहीर करायची राहिली, तर सारा मजकूर पोहोचूनही सर्व्हरला फॉर्म उलगडता येत नाही.

सर्वांत जास्त गोंधळ पुनर्निर्देशनाने, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर जाण्याच्या सूचनेने घातला. ३०२ या उत्तरानंतर मूळ आज्ञा बदलू नये असे नियम सांगत होता, पण बहुतेक ब्राउझर ‘पोस्ट’चे ‘गेट’ करून मजकूर गाळून टाकत. ही सवय इतकी रुजली, की १९९९ च्या एचटीटीपी १.१ च्या मसुद्यात तिची नोंद घ्यावी लागली आणि दोन्ही अर्थ वेगळे करण्यासाठी ३०३ व ३०७ हे क्रमांक द्यावे लागले. नियम वापरापुढे वाकला, आणि ते योग्यच झाले. मात्र पत्त्यात ‘एचटीटीपीएस’ऐवजी ‘एचटीटीपी’ लिहिल्यामुळे पुनर्निर्देशन वाट्याला येणाऱ्या स्क्रिप्टचा मजकूर वाटेतच का हरवतो, याचे मूळ अनेकदा याच तडजोडीत सापडते.

१९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मॉन्टुली यांनी आणलेली कुकी आणि बनावट विनंत्या रोखण्यासाठी पुढे रूढ झालेले फॉर्ममधील लपलेले टोकन, या दोन्ही गोष्टी ब्राउझर आपोआप परत पाठवतो. स्क्रिप्टला मात्र आधी फॉर्मचे पान मागवून त्या जपून ठेवाव्या लागतात, अन्यथा अनेकदा ४०३ हे नकाराचे उत्तर येते.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना खरा आधार मिळाला तो कर्लचा. रफाएल सागुला यांच्या एचटीटीपीगेट या छोट्या प्रोग्रॅमवर काम करत डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ मध्ये तो कर्ल या नावाने पुढे आणला. त्याच्या तपशीलदर्शक पर्यायाने गेलेले व आलेले हेडर ओळीओळीने दिसतात आणि ब्राउझरच्या विनंतीशी ताडून पाहता येतात.

मराठी मजकुराच्या बाबतीत ही ताडणी विशेष आवश्यक ठरते. १९९६ च्या एचटीटीपी १.० ने ‘पोस्ट’सोबत मजकुराची लांबी सांगणे बंधनकारक केले, आणि ही लांबी बाइटमध्ये मोजली जाते. ‘मराठी’ या शब्दात युनिकोडची पाच चिन्हे आहेत, परंतु यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असल्याने त्याची लांबी १५ बाइट होते. स्क्रिप्टने चिन्हे मोजून ५ हा आकडा लिहिला, तर सर्व्हर ‘म’ पूर्ण वाचतो, ‘र’चे तीनपैकी दोन बाइट उचलतो आणि तिथेच थांबतो; आकडा १५ पेक्षा मोठा लिहिला, तर कधीही न येणाऱ्या बाइटची वाट पाहत जोडणी तुटेपर्यंत ताटकळतो.