पिंपळगावची द्राक्षे, ऱ्होनची सिरा आणि काळ्या मसाल्याचा रस्सा

मुंबई-आग्रा महामार्गावरचे पिंपळगाव बसवंत द्राक्षांमुळे ओळखले जाते. शेजारच्या ओझरला 1925 मध्ये रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी द्राक्षलागवड सुरू केली आणि पुढे निफाड तालुक्याचा हा सारा टापू बागांनी भरला. ती द्राक्षे खाण्याची होती. थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका हे हिरवट, बिनबियांचे वाण. लाल वाईनचा रंग आणि तुरटपणा काळ्या द्राक्षांच्या साली-बियांतून येतो, त्यामुळे या वाणांकडून तिची अपेक्षा करता येत नव्हती. तरीही सुला ही वाईन कंपनी येण्याच्या आधी पिंपळगावातच पिंपेन सहकारी संस्थेने शॅम्पेनच्या धर्तीची फेसाळ वाईन काढली होती. या धाडसाची आठवण आज फारशी काढली जात नाही, आणि हे खेदाचे आहे.

नाशिकजवळ राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली वाईन 2000 मध्ये आली. 2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले, आणि निफाड तालुक्यातच विंचूरला वाईन पार्क उभा राहिला. लाल वाईनसाठी फ्रेंच वाण लागले. त्यांत शिराझ इथे चांगलाच रुळला.

शिराझ म्हणजे फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातली सिरा. तिथे तॅं गावावरच्या एर्मिताज टेकडीची वाईन इतकी भारदस्त मानली जाई, की बोर्दोचे व्यापारी आपल्या फिक्या वाईनला बळ यावे म्हणून ती मिसळत. 1937 मध्ये एर्मिताजला कायद्याने प्रदेशनामाचे संरक्षण मिळाले. या वाईनसोबत कोकराचे मांस, शिकार, तासन्‌तास शिजवलेले मांसाचे रस्से खाल्ले जातात. ही जोडी कोणी ठरवली नाही. एकाच खोऱ्यातली बाग आणि चूल शेकडो वर्षे शेजारी राहिली, म्हणून ती जमली. तुरटपणा मांसातल्या प्रथिनांशी आणि चरबीशी बांधला जातो; वाईन मऊ लागते आणि मांसही जड वाटत नाही.

निफाडला बाग आली ती बाजारासाठी, वाईन आली ती धोरणामुळे. स्वयंपाकघर त्यात नव्हते. वेलाचे वर्षही वेगळे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळ्यानंतर फळछाटणी, आणि जानेवारी ते मार्च तोडणी. फ्रान्समध्ये ती सप्टेंबरच्या सुमारास होते. निफाडच्या हिवाळी रात्री महाराष्ट्रातल्या सर्वांत थंड रात्रींपैकी असतात, तरी दिवसाचे ऊन कडक. सिरामधला काळ्या मिरीचा गंध रोटंडोन या द्रव्याचा. तेच द्रव्य मिरीतही असते. थंड हवेत ते अधिक साठते, आणि इथले दिवस उष्ण, म्हणून नाशिकच्या शिराझमध्ये मिरीपेक्षा पिकलेल्या फळाचा गोडसर गंध पुढे येतो.

हाच गुण इथल्या जेवणाशी, काळ्या मसाल्यातल्या मटणाच्या रश्श्याशी, जुळतो. काळ्या मसाल्यात भाजलेले सुके खोबरे, भाजलेला कांदा, दगडफूल, लवंग, मिरी असते. त्या धुरकट, खमंग चवीशी शिराझचे फळ मिळते, आणि मटणाची चरबी व खोबऱ्याचे तेल तुरटपणा मवाळ करतात. अडचण मिरचीची. मद्यार्कामुळे तिखटाची आग वाढते आणि तुरटपणाही जिभेला टोचतो. तर्रीदार मिसळीसोबत लाल वाईन म्हणूनच जमत नाही. तिथे किंचित गोड, थंड पांढरी बरी. मटणातही तिखट बेताचे आणि मसाला भरपूर ठेवला तर वाईन टिकते. शाकाहारी ताटात भाजलेल्या वांग्याचे भरीत या कामी येते, कारण त्याला धूर आहे, आणि वरून तेलाची फोडणी असते.

लाल वाईन खोलीच्या तापमानाला द्यावी, हा नियम युरोपातल्या थंड घरांचा. तिथे खोलीचे तापमान म्हणजे 16 ते 18 अंश. एप्रिलच्या पिंपळगावात खोलीच 35 अंशांवर असते. त्यामुळे बाटली वाढण्याआधी बराच वेळ फ्रिजमध्ये ठेवावी. गरम वाईनमध्ये मद्यार्क नाकात चढतो आणि मिरचीची आग आणखी भडकते.