पाचशे डॉलरची चार खाती

बांगलादेश बँकेवरचा, म्हणजे त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेवरचा, 2016 चा दरोडा संगणकावरून झाला, असे आपण वाचत आलो आहोत. ते खरे, पण अर्धेच. चोरलेला पैसा कुठेतरी उतरावा लागतो, आणि तो ज्या खात्यांत उतरला ती एका बँकेने रीतसर अर्ज घेऊन, गिऱ्हाईक म्हणून उघडून दिली होती. म्हणून हा घटनाक्रम ढाक्यातून नव्हे, मनिलाच्या काउंटरवरून मांडतो. वेळा मनिलाच्या. शून्य तास म्हणजे मंगळवार, 9 फेब्रुवारी 2016 ची सकाळ, नऊ वाजले असे धरून.

270 दिवस आधी

15 मे 2015. मनिला महानगरातल्या मकाटी शहरात, ज्युपिटर स्ट्रीटवरच्या आरसीबीसी बँकेच्या शाखेत चार डॉलर खाती उघडली जातात. प्रत्येकात पाचशे डॉलर. ओळख म्हणून वाहन परवाने; ते बनावट होते हे नंतर उघड झाले. अर्जांतली गंमत त्याहून मोठी. चौघे चार वेगळ्या कंपन्यांत नोकरीला, पण हुद्दा चौघांचा एकच आणि पगारही एकच!

चार अर्ज टेबलावर शेजारी शेजारी ठेवले असते, तर कोणत्याही जुन्या कारकुनाने चष्मा वर करून विचारले असते, "हे काय?" पण अर्ज एकेक करून पाहिले जातात. एकेकटा पाहिला तर प्रत्येक अर्ज पूर्ण होता. रकाने भरलेले, परवान्याची प्रत जोडलेली, सही केलेली. केवायसीची फाइल भरली म्हणजे गिऱ्हाईक ओळखीचे झाले, हा समज आपल्याकडच्या बँकांतही चांगला मुरलेला आहे.

त्यानंतर महिनोन्‌महिने या खात्यांत काहीही होत नाही. पाचशेचे पाचशेच.

107 तास आधी

गुरुवार, 4 फेब्रुवारी. ढाक्यात रात्रीचे आठ, न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ. ढाक्याची साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार, न्यूयॉर्कची शनिवार-रविवार, आणि सोमवारी चिनी नववर्षानिमित्त मनिला बंद. कॅलेंडर घेऊन बसलेल्या माणसाने निवडलेली रात्र आहे ही.

बांगलादेश बँकेच्या स्विफ्ट यंत्रणेत, म्हणजे बँका एकमेकींना पैशांचे आदेश जिच्यातून पाठवतात तिच्यात, आधीच शिरून बसलेले चोर न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला (फेडला), जिथे बांगलादेश बँकेचे खाते होते, 35 आदेश पाठवतात. एकूण रक्कम 95 कोटी 10 लाख डॉलर.

शुक्रवार उजाडण्याआधी

फेडने पहिल्या फेरीत आदेश परत पाठवले. कारण संशयाचे नव्हते. मधल्या बँकांचा तपशील नव्हता, नमुना अपुरा होता. चोरांनी तो भरून आदेश पुन्हा पाठवले आणि त्यांतले पाच सुटले. एका देशाची मध्यवर्ती बँक खासगी खात्यांत कोट्यवधी डॉलर का पाठवते आहे, हा प्रश्न त्या पाचांच्या बाबतीत फेडमध्ये वेळेवर कोणी विचारला नाही.

बाकीचे तीस अडकले, त्यात नशिबाचा वाटा मोठा. शाखेच्या पत्त्यातला 'ज्युपिटर' हा शब्द इराणवरच्या निर्बंधांच्या यादीतल्या एका तेलवाहू जहाजाच्या नावाशी जुळला आणि आदेश बाजूला काढले गेले. त्या जहाजाचा या चोरीशी काडीचा संबंध नव्हता. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या बँकेची चाळणी चालली, पण ज्यासाठी चालायला हवी होती त्यासाठी नाही.

96 तास आधी

शुक्रवार, 5 फेब्रुवारी. मनिलात कामाचा दिवस. पाचशे डॉलरच्या त्या चार खात्यांत आता अनुक्रमे साठ लाख, दोन कोटी, अडीच कोटी आणि तीन कोटी डॉलर आहेत. एकूण 8 कोटी 10 लाख. ज्याचा पगार फाइलीत लिहिलेला आहे, ज्याने नऊ महिने खात्याला हात लावला नाही, त्याला परदेशातून एका सकाळी तीन कोटी डॉलर येतात. धोक्याची घंटा वाजायला आणखी काय लागते?

त्याच दिवशी सव्वादोन कोटींहून अधिक डॉलर काढून एका व्यापाऱ्याच्या नावाने नव्याने उघडलेल्या खात्यात वळवले गेले. आपल्या सह्या खोट्या केल्या, असे त्या व्यापाऱ्याने पुढे सांगितले. शाखेतून दोन कोटी पेसो रोख खोक्यात भरून मोटारीत ठेवल्याची साक्ष एका कर्मचाऱ्याने फिलिपाइन्सच्या सिनेटसमोर दिली.

ढाक्यात त्या सकाळी स्विफ्टचा प्रिंटर बंद पडलेला. सुट्टीचा दिवस, प्रिंटर काय बिघडतच असतो, म्हणून ते काम दुसऱ्या दिवसावर गेले. तोही चोरांनीच पाडला होता.

याच सुमारास पाचवा आदेश, दोन कोटी डॉलरचा, श्रीलंकेतल्या 'शालिका फाउंडेशन'कडे निघालेला. मधल्या डॉइश बँकेने फाउंडेशनच्या स्पेलिंगमधली चूक हेरली, ही गोष्ट जगभर गाजली. कमी गाजलेली गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. कोलंबोच्या पॅन एशिया बँकेतही ही रक्कम अशा संस्थेसाठी, आणि मुळात त्या देशासाठीच, फार मोठी असल्याचे लक्षात आले आणि विचारणा झाली. स्पेलिंग चोर पुढच्या वेळी सुधारतो. गिऱ्हाईक केवढे आणि रक्कम केवढी, हा मेळ त्याला तितक्या सहज जमवता येत नाही. ते दोन कोटी परत आले.

67 तास आधी

शनिवार. ढाक्यात प्रिंटर चालू होतो आणि फेडने विचारलेल्या शंकांचे कागद बाहेर पडतात. ईमेल, फॅक्स, फोन सुरू होतात. न्यूयॉर्कला सुट्टी.

24 तास आधी

सोमवार, 8 फेब्रुवारी. पैसे थांबवा, असे निरोप ढाक्याहून आरसीबीसीला जातात. मनिलाला सुट्टी.

शून्य तास

मंगळवारी बँक उघडते तेव्हा निरोप येऊन पडलेले आहेत. तरीही त्याच दिवशी ज्युपिटर स्ट्रीट शाखेतून सुमारे 5 कोटी 81 लाख डॉलर निघतात. पैसा रेमिटन्स कंपनीत गेला, तिथे पेसो झाले आणि पेसो मनिलाच्या कॅसिनोंत. फिलिपाइन्सच्या मनी लाँडरिंग कायद्यातून तेव्हा कॅसिनो वगळलेले होते. टेबलावर आल्यावर चिप कोणाच्या पैशाची, हे विचारणारे कोणी नाही. चार खात्यांत उरले सुमारे 68 हजार डॉलर.

त्यानंतर

15 मार्चला बांगलादेश बँकेचे गव्हर्नर अतिउर रहमान यांनी राजीनामा दिला. ऑगस्टमध्ये फिलिपाइन्सच्या मध्यवर्ती बँकेने आरसीबीसीला शंभर कोटी पेसो दंड केला. 2017 मध्ये कॅसिनो कायद्याखाली आले. जानेवारी 2019 मध्ये त्या शाखेच्या व्यवस्थापक महिलेला मनी लाँडरिंगच्या आठ गुन्ह्यांत दोषी धरून 32 ते 56 वर्षांची शिक्षा झाली. एका कॅसिनो व्यावसायिकाने सुमारे दीड कोटी डॉलर परत केले.

हे सगळे समुद्रापलीकडचे म्हणून सोडून देता येत नाही. 13 ऑगस्ट 2018 रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून स्विफ्टद्वारेच 13 कोटी 92 लाख रुपये हाँगकाँगमधल्या एका ट्रेडिंग कंपनीच्या खात्यात गेले. तिथेही पैसा उतरायला एका 'कंपनी'चे तयार खाते होते.

सहकारी बँकांच्या संचालकांना एक विनंती. सायबर सुरक्षेचे सादरीकरण पाहून झाले की शाखाधिकाऱ्याला एवढे विचारा: नऊ महिने निजलेल्या खात्यात उद्या परदेशातून कोट्यवधी रुपये आले, तर ते बाहेर पडण्याआधी खातेदाराच्या घरी कोण जाऊन येणार आहे? त्या माणसाचे नाव लिहून घ्या.