भंगारात काढायच्या आधी मशीनला एकदा विचारून बघा

मागच्या महिन्यात फुलंब्रीकडच्या एका शाळेतून फोन आला. "सर, लॅबमधले अकरा कॉम्प्युटर निर्लेखित करायचा प्रस्ताव करतोय. विंडोज 10 बंद झालं ना आता." निर्लेखन म्हणजे सरकारी भाषेतलं भंगार. म्हटलं, दोन दिवस थांबा, पेनड्राइव्ह घेऊन येतो.

तर विंडोज 10 'बंद' झालेलं नाही. 14 ऑक्टोबर 2025 ला त्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. विंडोज 11 ला बऱ्यापैकी नवा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप लागते, ती शाळेच्या जुन्या मशीनमध्ये कुठून असणार? मग लिनक्स. पण लिनक्स तरी चालेल का, आणि हे ठरवणार कोण, याला एक इतिहास आहे. थोडं लांबेल, पण वाचा.

नव्वदच्या दशकातली मशीनं मुकी होती. आत लावलेलं नेटवर्क कार्ड किंवा साउंड कार्ड स्वतःचं नाव सांगायचं नाही. कार्डावर बारीक जंपर असायचे, ते सरकवून आयआरक्यू नंबर आणि पत्ता ठरवायचा, आणि लिनक्स टाकताना तेच आकडे आपण सांगायचे. नाही सांगितले तर इन्स्टॉलर एकेका पत्त्यावर टकटक करून बघायचा. चुकीच्या दारावर टकटक झाली की मशीन जागच्या जागी गोठायचं. मग बटण दाबून पहिल्यापासून.

पीसीआय आलं आणि चित्र बदललं. 1992 चं हे इंटेलचं तंत्र, आपल्याकडच्या असेंबल्ड मशीनमध्ये रुळायला त्या दशकाची शेवटची वर्षं उजाडली. पीसीआय कार्ड आपल्याबरोबर दोन नंबर घेऊन येतं, एक कंपनीचा आणि एक मॉडेलचा. इंटेलचा कंपनी नंबर आहे 8086, म्हणजे त्यांच्याच 1978 च्या गाजलेल्या चिपचं नाव. (इंजिनिअर लोकांचे विनोद असेच असतात.) आपल्याकडे घरोघरी दिसणारं रिअलटेकचं नेटवर्क कार्ड स्वतःला 8139 म्हणवायचं. आता माणसाला विचारायची गरज नव्हती, मशीनला विचारता येत होतं.

तरी इन्स्टॉलर माणसालाच विचारत राहिले, आणि त्याचं कारण होतं फ्लॉपी. 1.44 एमबीच्या फ्लॉपीत सगळ्या कार्डांचे ड्रायव्हर मावायचे कसे? कर्नल म्हणजे हार्डवेअरशी थेट बोलणारा गाभा. त्याच्याच वेगवेगळ्या आवृत्त्या बांधून ठेवाव्या लागायच्या. जुलै 2002 मध्ये डेबियनची 'वुडी' आली तेव्हा असे चार कर्नल होते: व्हॅनिला, कॉम्पॅक्ट, आयडीईपीसीआय आणि बीएफ24. तेव्हाच्या औरंगाबादेत सिडकोतल्या मित्राच्या घरी आम्ही ती काळी स्क्रीन बघत बसलो होतो. नुसतं एंटर दाबलं तर जुना 2.2 कर्नल यायचा, 'बीएफ24' टाइप केलं तर 2.4. हा शब्द कुठून आला तेही माहीत नव्हतं. बीएफ म्हणजे बूट फ्लॉपी, एवढंच. डायलअपवर सीडी उतरवणं अशक्य, त्यामुळे पीसीक्वेस्टसारख्या मासिकाबरोबर येणारी सीडी हाच आधार. एक सीडी पाच घरं फिरायची.

त्याच सुमारास क्लाउस क्नॉपर या जर्मन माणसाची क्नॉपिक्स सीडी हातात पडली. टाकली की काहीही न विचारता डेस्कटॉप समोर. हार्डवेअर ओळखायचं तंत्र त्यात रेड हॅटच्या 'कुडझू'वरून घेतलेलं होतं. फक्त मोडेम चालला नाही. तो विनमोडेम निघाला, निम्मं काम विंडोजवर ढकलणारा. लिनक्सला तो दिसत होता, पण चालवता येत नव्हता. ओळखणं वेगळं आणि चालवणं वेगळं, हा फरक तिथे कळला.

जून 2005 मध्ये डेबियनची 'सार्ज' आली आणि तिच्याबरोबर नवा इन्स्टॉलर. त्याची पद्धत आजही साधारण तीच आहे. आधी कुठल्याही मशीनवर चालेल असा साधा कर्नल सुरू होतो. तो कार्डांचे नंबर वाचतो, हव्या त्या नंबरचेच ड्रायव्हर उचलतो. मग प्रोसेसरची माहिती वाचून डिस्कवर कायमचा कोणता कर्नल टाकायचा ते ठरतं: जुन्याला 386, पेंटियम प्रो आणि पुढच्यांना 686, एएमडीच्या ॲथलॉनला के7, आणि दोन प्रोसेसर असतील तर एसएमपीवाला. म्हणजे बघायला आलेला पाहुणा वेगळा, राहायला येणारा वेगळा!

मशीनही कधी खोटं बोलायचं बरं का. पीएई ही 4 जीबीच्या पुढची मेमरी वापरायची सोय. काही पेंटियम एम लॅपटॉपमध्ये ती होती, पण विचारलं की प्रोसेसर "नाही" सांगायचा. इन्स्टॉलर बिचारा माघारी फिरायचा. शेवटी उबुंटू 14.04 मध्ये 'फोर्सपीएई' असा वेगळा शब्दच द्यावा लागला.

पुढे कर्नलच हुशार झाला. सुरू होतानाच प्रोसेसर बघून स्वतःत बदल करायला लागला. एसएमपीचा वेगळा कर्नल गेला, के7 गेला. यादी आखूड होत गेली, आपली सोय झाली. पण आखूड होताना खालच्या टोकाचे एकेक गळाले. ज्या 386 वर 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स लिहिलं, त्याच 386 चा आधार 2013 च्या 3.8 कर्नलमध्ये काढला गेला. 2007 मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातल्या एका छोट्या शाळेत मुलांना ओएलपीसीचे हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले होते. त्या लॅपटॉपमधल्या एएमडी जिओड चिपला एक सूचना कळत नाही, म्हणून 2023 च्या डेबियन 12 ने ती चिप सोडली. आणि 9 ऑगस्ट 2025 च्या डेबियन 13 मध्ये तर 32-बिट पीसीसाठी ना इन्स्टॉलर, ना कर्नल.

आता शाळेकडे येतो. आपल्याकडे लॅब जुनी ठरते ती स्टॉक रजिस्टरमधल्या खरेदीच्या वर्षावरून. 'विंडोज 7, 32-बिट' असं स्क्रीनवर दिसलं की मशीनच 32-बिट आहे असं धरलं जातं. हे चूक आहे. रॅम एक-दोन जीबी, म्हणून 32-बिट विंडोज टाकलेलं, प्रोसेसर मात्र 64-बिट, अशी मशीनं मी ढिगाने पाहिली आहेत. 2006 नंतरचा कोअर 2 ड्युओ 64-बिटच आहे. उलट 2008 च्या नेटबुकमधला ॲटम एन270 दिसायला नवा, पण 32-बिट. वर्ष बघून कळत नाही. लाइव्ह पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा, टर्मिनलवर 'एलएससीपीयू' द्या आणि फ्लॅग्जच्या यादीत 'एलएम' शोधा. एलएम असेल तर मशीन 64-बिट. डिस्कला हात लागत नाही.

केरळने हा विचार शाळांसाठी दोन हजारच्या दशकातच केला. आपण एमएस-सीआयटीच्या पुस्तकातल्या स्क्रीनसारखी स्क्रीन दिसली नाही तर घाबरतो.

त्या दिवशी अकरापैकी आठ मशीनमध्ये एलएम निघालं. एकाची हार्डडिस्क गेलेली, सातांवर एक्सएफसीई डेस्कटॉपसह डेबियन 13 बसलं. दोन जीबी रॅमवर ब्राउझर रडतो, टाइपिंग आणि स्प्रेडशीटला अडचण नाही. उरलेली तीन पेंटियम 4. पेनड्राइव्ह लावला तर स्क्रीनवर सरळ आलं की या कर्नलला 64-बिट प्रोसेसर लागतो, इथे आय686 दिसतोय. त्यांच्यावर डेबियन 12 चा 32-बिट कर्नल टाकलाय, पण ती इंटरनेटला जोडलेली नाहीत.

सर प्रस्ताव परत लिहितायत, आता एका मशीनचा. तुमच्या शाळेत असाच कागद फिरत असेल तर सही व्हायच्या आधी कळवा. रविवारी आम्ही तिघे मोकळे असतो, पेनड्राइव्ह आमचा.